आपल्या भागात सध्या पुरेसे चालक आहेत

३ मार्च, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. यशस्वी माणसं लिहितात, असं मागच्या सीटवरचा एक प्रवासी फोनवर कुणाला तरी सांगत होता.
ही भावाकडे जाऊन अठरा दिवस झाले. हवापालटासाठी. जाताना म्हणाली, तू चौदा-चौदा तास गाडीत असतोस आणि मी भिंतींशी बोलते. संध्याकाळी घरी येणारा माणूस झालास की फोन कर, येईन. जरा तडकाफडकी स्वभाव आहे.

५ मार्च
मोठी बातमी. मफलर भेटला. (आमचा युनियनवाला. बारा महिने गळ्यात मफलर.) म्हणाला, सरकार नियम आणतंय. अ‍ॅपवर गाडी चालवणाऱ्याला दर तासाला किमान ठरावीक पैसे, भाड्याची वाट बघण्यातला वेळही धरून. म्हणजे आठ तासांत भागेल. सहाला घरी!
हिला सांगितलं नाही. एकदम सरप्राइज.

८ मार्च
कंपनीचा मेसेज. थेट मला. ‘प्रिय भागीदार.’ लग्नाला बावीस वर्षं झाली, हिनेही कधी प्रिय म्हटलेलं नाही. नव्या नियमाने माझं स्वातंत्र्य धोक्यात आहे म्हणे. नियमावरच्या सरकारी सुनावणीत दोन शब्द बोलाल का, असं विचारलंय.
मफलर म्हणतो, हा मेसेज सगळ्यांना आलाय. जळतो.

१२ मार्च
बोललो. कंपनीने टी-शर्ट दिला होता, पोटावर तंग. म्हटलं, मला किमान-बिमान काही नको. मी माझ्या मर्जीचा मालक. रोज संध्याकाळी बायकोबरोबर निवांत चहा घेतो. हे शेवटचं कंपनीच्या बाईंनी लिहून दिलं होतं, पण मी अगदी मनापासून वाचलं. टाळ्या पडल्या. मफलर मागच्या रांगेत खाली मान घालून बसला होता. पटलं असावं.

१४ मार्च
माझा व्हिडिओ कंपनीने सगळ्या ग्राहकांना पाठवला. मेहुण्याचा फोन आला. म्हणाला, दाजी, ताईने पाहिला. ती विचारतेय, कुठल्या बायकोबरोबर चहा घेता?
विनोदबुद्धी शाबूत आहे. चांगलं लक्षण.

२ एप्रिल
नियम पास झाला. माझं भाषण होऊनसुद्धा. वाईट वाटलं, मग बरंही वाटलं. उद्यापासून फक्त आठ तास. हिला कळवलं. ‘बघू’ म्हणाली. तिचं बघू म्हणजे होच असतं.

४ एप्रिल, सकाळी ११.१०
अ‍ॅप आत घेईना. ‘आपल्या भागात सध्या पुरेसे चालक आहेत. थोडी विश्रांती घ्या.’ मफलर म्हणतो, आता वाट बघण्याचेही पैसे द्यावे लागतात, म्हणून कंपनी मोजक्यांनाच आत घेते. मला तरी यात तब्येतीची काळजी दिसते.
दुपारी ३. विश्रांती चालू.
५.४०. वीस मिनिटं आत घेतलं, भाडं लागायच्या आत बाहेर.

९ एप्रिल
हेल्पलाइनला सांगितलं, व्हिडिओतला तो मीच. बाई म्हणाल्या, छान बोललात सर. मग तोच विश्रांतीचा मेसेज वाचून दाखवला.
पहाटे पाचपासून गाडीतच असतो. अ‍ॅपमध्ये जागा कधी सुटेल नेम नाही, आणि तीन-चार मिनिटांत बटण दाबलं नाही तर दुसरा घुसतो. आंघोळीलाही फोन बरोबर. हे सगळं तात्पुरतं आहे.

११ एप्रिल
हिचा फोन. आपणहून! म्हणाली, रविवारी चारला ने मला. खरंच आठच तास काम करतोस ना? हो म्हटलं. खोटं नाही. चालवतो तेवढेच तास धरले. नुसतं थांबलेले कशाला धरायचे?
घर झाडलं. चादर बदलली.

१३ एप्रिल, रविवार, संध्याकाळी ७
पाच मिनिटं आधीच पोचलो. ही खाली उभीच होती, दोन बॅगा घेऊन. केसांत क्लिप नवी. मेहुण्याने डिकी उघडली, एक बॅग आत ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. जागा सुटली होती. बटण दाबलं आणि लगेच भाडं लागलं, विमानतळाचं. चार दिवसांतलं पहिलं लांबचं. हिला म्हटलं, अर्ध्या तासात आलोच, इथेच थांब. मेहुण्याने बॅग परत बाहेर काढली.
प्रवासी सज्जन होता. पाच तारे दिले.
सव्वासहाला परत आलो, तर खाली कुणी नाही. ऊन लागलं म्हणून वर गेली असेल, असं वाटलं. बेल वाजवली. मेहुण्याने दार अर्धंच उघडलं. म्हणाला, दाजी, पावणेसहापर्यंत उभी होती ती. आता बॅगा रिकाम्या केल्यात. तुम्ही येऊ नका, म्हणाली.
आतून भांड्यांचा आवाज येत होता. हाक मारली. आवाज थांबला, पण ती आली नाही.
खाली येऊन गाडीत बसलो. खूप रडलो. अजून तिथेच आहे, तिथेच लिहितोय.
इथपर्यंतचं पुन्हा वाचून काढलं. तिला खाली उभी ठेवून मी का गेलो, त्याचं कारण लिहायचं राहिलंय. पाऊण तास झाला, एकही सुचत नाही.