आई, तुझी मशेरी आणि माझा अभिप्राय

प्रिय आई,

तू गेल्यापासून तुला कधी लिहिलं नाही. पण आजची बातमी दुसऱ्या कुणाला कळायचीच नाही गं! आज आमच्या ऑफिसात तुझ्या मशेरीवर बैठक झाली.

माझं काम तुला कुठे पटायचं? "वकील आणि काळा कोट नाय?" अगं, मी विमा कंपनीची पगारी वकील. कोर्टात बाहेरचे वकील उभे राहतात. क्लेम द्यावा की लढावा, हे मी आत बसून सांगते.

परळच्या एक बाई वारल्या. आमच्या कंपनीने पत्र पाठवून क्लेम नाकारला. का? अर्जात 'तंबाखूचे सेवन: नाही', आणि हॉस्पिटलच्या कागदावर 'लहानपणापासून मशेरी लावतात'. त्यांची लेक आली. "मॅडम, पैशाचं नंतर बघू. माझी आई खोटारडी होती, असं लिहून दिलंय तुम्ही!"

मला तूच दिसलीस! तव्यावर तंबाखू भाजायचीस, अख्खी चाळ खोकायची. आणि डॉक्टरांना बेधडक "कसलंच व्यसन नाय". मी डोळे वटारले, तर मलाच, "काय गो, मी काय तंबाकू खातंय? दात घासतंय मी!" किती सांगितलं होतं, सोड म्हणून. ऐकलंस?

अभिप्राय लिहिताना अडखळले. मशेरी तंबाखूचीच, पगार कंपनीचा. मग मी कायदा बघतेय की तुझा चेहरा? तुला बाजूला ठेवून अभिप्राय पुन्हा लिहिला. उत्तर तेच, क्लेम द्यावा! जिनं डॉक्टरांना आपणहून सांगितलं, तिला लपवायचं कुठे होतं?

बैठकीत क्लेम विभागाचे साहेब म्हणाले, "उद्या सगळेच म्हणतील, आम्हाला माहीत नव्हतं."

"साहेब, तुमच्या घरी कुणी मशेरी लावायचं?"

ते हसलेच. "आजी. तंबाखू खातेस म्हणालो असतो, तर लाटणं बसलं असतं!"

क्लेम मंजूर, आई! लेकीला फोन केला, तर ती एकच विचारत राहिली, "ते पत्र रद्द ना? नक्की ना?"

आता अर्जात साध्या मराठीत प्रश्न घालून घेणार: मशेरी लावता का? काहींचा हप्ता वाढेल, वाढू दे. पण आईचा खरेपणा सिद्ध करायला कुठल्याच लेकीला आमच्या दारात यावं लागणार नाही. शब्द देते.

तुझीच,
नंदा