चंदनाचा फोटो लावू नका

सूर्यमाळ, ता. मोखाडा
१४ नोव्हेंबर २००२

चि. हर्षदा हिस,
आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

त्या सकाळी मी झऱ्यावरून दुसरा हंडा आणला, कोंबड्या सोडल्या आणि नागली पाखडायला बसले, तर माझी चंदना दारात उभी. डोक्यावर पेटी, पेटीवर हिरवा देवाची टोपली. खोडाळ्यापर्यंत एसटी, पुढे पायी आली होती.

जव्हारच्या हॉस्टेलातल्या देवांच्या फळीवर तुम्ही सतरा मुलींनी आपापल्या देवांचे फोटो मांडले होते. तिनं आमचा हिरवा देव मांडला, टोपलीतली मोरपिसं. तू विचारलंस, "हा काय झाडूचा देव?" मीच तिला सांगून पाठवलं होतं, देव लपवायचा नसतो. त्यांच्या देवाला फूल वाहा, आपल्या देवालाही एक मागून घे.

ती रोज फूल मागायची. आधी तुम्ही हसलात. मग तुमच्यातली काशी नापास झाली ती म्हणे हिरव्यामुळं, आणि चंदना करणी करणारी भुताळी ठरली. ताट वेगळं, मग पंगतच वेगळी. एकदा कुंकवाचं पाणी पाजलंत. "पी गं, तुझा देव रगतच पितो ना?" तेव्हा तिची वेणी तू धरली होतीस. हे तुझ्या आता आलेल्या पत्रात नाही. मला तिनं सांगितलं होतं.

तापाचं मात्र तू लिहिलंस. तीन दिवस ती खोलीत एकटी फणफणत होती आणि तुम्ही हॉस्टेलच्या बाईंना सांगितलंत, पुन्हा घरी पळाली. दाराबाहेरून म्हणायचात, "हिरव्याला सांग, तो गोळी आणील." हॉस्टेलातून मला एवढंच कळवलं होतं की तिनं ताप अंगावर काढला. पाच वर्षं मी माझ्या मेलेल्या पोरीला हलगर्जी म्हणत आले.

तिच्यामागं तिच्याच पुस्तकांवर मी वाचायला शिकले. तुझं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं नाही, एवढं बरं झालं.

आता तू शिक्षिका झालीस. रविवारी त्याच हॉस्टेलात सगळ्या देवांची प्रार्थना ठेवलीस, हिरव्याला फळीवर जागा देणार, चंदनाचा फोटो लावणार. काम चांगलं आहे, मुलींना शिकव. पण फोटो लावू नका. मी येणार नाही. माफ केलं असंही लिहून देणार नाही. तू मागत राहा.

फोटोखाली मला बसवलंत तर सगळ्या म्हणतील, बिचारी आई. ते मला सोसायचं नाही. त्या सकाळी तिनं माझे पाय धरले. "आये, मी नाय जायची परत."

मी म्हटलं, "देवाला घेऊन पळून येतेस? बापानं असं शिकवलं होतं का? जा, टोपली तिथंच मांड."

तिचे हात कढत होते. उन्हातून चालून आली म्हणून असतील, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पेटी मी माझ्या डोक्यावर घेतली, तिला पहिल्या एसटीनं जव्हारला नेलं आणि तुमच्या खोलीत सोडून घरी आले.

चंदनाची आई,
सकू