निखाऱ्यांचं घमेलं

सोलापूर, १२ जानेवारी २०२५

ति. रत्नदीपदादास,
सप्रेम जय भीम. वि. वि. तुमच्या हॉस्टेलात मोबाईल जमा करतात म्हणून लिहितेय. नववीत शाळा सुटल्यापासनं पेन धरला न्हाय, हसू नको.

पप्पा दवाखान्यात हायेत. संगप्पा मुकादमांनी तुला हॉस्टेलच्या फोनवर ताप म्हणून सांगितलं, पण खरं निराळं हाय. सकाळी कारखान्यातल्या त्यांच्या वॉचमनच्या खोलीत पप्पांना लई हुडहुडी भरली होती. मी बॉयलरातले निखारे घमेल्यात घालून पलंगाजवळ ठेवले. वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत रिजेक्ट टॉवेल कोंबले, दार ओढलं अन् टॉवेलांच्या घड्या घालायला गेले. चहाच्या सुट्टीत बघते तर हलवून पण उठंनात.

डॉक्टर म्हणाले, कोळशाचा गॅस रक्तात गेलाय. खोली कुणी कोंडली ते विचारलं. चारचौघांत माझं तोंड उघडत न्हाय, तुला ठाऊकच हाय. आई असती तर तिला सांगितलं असतं, पण तिचा चेहरा पण आठवत न्हाय मला.

दादा, रक्तात गेलेलं परत निघतं का? तुमच्या पुस्तकात असंल तर लगेच कळव.
तुझी, बुद्धप्रिया

मोहोळ, १५ जानेवारी

चि. बुद्धप्रियास,
जय भीम. तुझ्या पत्रात सतरा चुका आहेत. लाल पेन सापडला नाही म्हणून वाचलीस.

केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं. निघतं! रिव्हर्सिबल आहे ते. रक्त गॅस धरतं तसं सोडतं पण, दोन्ही एकाच वेळी चालू असतं. नुसत्या हवेवर लई हळू सुटतो. भरपूर ऑक्सिजन दिला की तो गॅसला ढकलून स्वतः जागा घेतो. म्हणून पप्पा ओरडले तरी ऑक्सिजनचा मास्क काढू देऊ नको.

निखाऱ्यांचं मला तरी कुठं माहीत होतं? माझ्या हातनं पण तेच झालं असतं. प्रॅक्टिकल महिनाअखेरीस संपतंय, तोवर वॉर्डन सोडत नाही. तिथं तू एकटी, अन् मी हितं सूत्रं पाठ करतोय. लाज वाटते.
तुझा, दादा

सोलापूर, २४ जानेवारी

ति. दादास,
जय भीम. तुझं खरं निघालं. मी दोन्ही हातांनी मास्क धरून बसले. गॅस निघाला, पप्पा घरी आले. पण मागची दोन वर्षं त्यांच्या डोक्यातनं गेलीत. डॉक्टर म्हणतात, येतील न्हायतर न्हाय येणार.

दोघांचं शिक्षण झेपत न्हाय म्हणून त्यांनीच मला कामाला लावलं होतं, ते पण गेलं. परवा डबा घेऊन निघाले तर चिडले की. म्हणाले, माझी पोरगी शिकणार, तिचं नाव शाळेतनं कोण काढतोय बघतोच. मी डबा पाठीमागं लपवला.

आता शेजारच्या काशम्माच्या पोरीचं जुनं दप्तर घेऊन निघते. कारखान्यात ते मुकादमांच्या टेबलाखाली ठेवते अन् घड्या घालते. सांजच्याला पप्पा विचारतात, आज काय शिकवलं? मग तू लिहिलेलंच सांगते, रक्त गॅस कसं धरतं, कसं सोडतं. लई खूश होतात. दुसऱ्या दिवशी विसरतात, मी परत तेच सांगते. खिडकीचं तेवढं सांगत न्हाय.

त्यांनी काय केलं ते त्यांना आठवंना, मी काय केलं ते मला विसरता येईना. सरांना विचार की, ह्याला पण कशानं ढकलता येतं का?

माया हाय तशी राहू दे. चुका मोज.
तुझी, बुद्धप्रिया