विलायती पेटी संपेपर्यंत

॥ श्री ॥

लालबाग, मुंबई
४ फेब्रुवारी १९९०

सौ. गुणवंतीताईस,

तुझा धाकटा चुलतभाऊ तुळशीदास याचा लालबागेतून वाकून नमस्कार. (वाकताना पाठीत उसण भरलेली आहे, पण ती नमस्कारामुळे नव्हे. चाळीच्या मंडळाचा टीव्ही एकट्याने उचलायला गेलो होतो. ते पुढे येईलच.) तुझी तब्येत, भावोजींचा गुडघा आणि तिकडची थंडी ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इस्पितळातल्या रात्रपाळ्या जरा कमी झाल्या का? इकडे सगळे बरे आहोत. हिची सर्दी गेली ती माझ्याकडे आली. आबांची, म्हणजे तुझ्या कुशाकाकांची, साखर डॉक्टर म्हणतात तेवढी जास्त नाही आणि आबा म्हणतात तेवढी कमीही नाही. आता मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण माझा पाल्हाळ तुला लहानपणापासून माहीत आहे. ताई, कृपा करून यापुढे मला व्हिडिओ कॅसेटी पाठवू नकोस. एकही नको. लोकर पाठव, भावोजींचे जुने कोट पाठव, पण मालिकांच्या पेट्या नकोत. का, ते ऐक.

तू दिवाळीला धाडलेली पेटी आली तेव्हा आम्ही सगळे हरखून गेलो होतो. सहा कॅसेटी मिठाईच्या खोक्यात बसवाव्यात तशा नीट बसवलेल्या, वर चकचकीत झाकण, झाकणावर आपल्या अख्ख्या चाळीला असतील तेवढ्या खिडक्यांचा एकच बंगला, आणि त्याच्यापुढे टोपीवाला जाडा माणूस, काळ्या कपड्यांतली बाई आणि एक कुत्रा. आमच्याकडे मशीन नव्हतं, म्हणून हिने ती पेटी शोकेसमध्ये ठेवली आणि रोज पुसली. इथवर सगळं ठीक होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. गिरणी बंद पडल्यापासून मी गिरगावात एका साप्ताहिकाची मुद्रितं तपासतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढतो. स्वतःच्या करायला तिथे जागा नव्हती. ती जागा संपादक दौलतरावांनी मिळवून दिली. पेटीची गोष्ट कानावर जाताच ते म्हणाले की आपला वाचक संपाच्या आठवणी आणि कोर्टाच्या तारखा वाचून कंटाळलाय, त्याला काहीतरी उच्च द्यायला हवं. ‘विलायती पडदा’ असं सदराचं नावही त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. अशा वेळी शहाण्या माणसाने आपल्याकडे मशीन नाही असं सांगितलं असतं. मी विचारलं, मजकूर कधी हवा?

पहिलं परीक्षण मी पूर्णपणे पेटीच्या पाठीवरून लिहिलं. तिथे बारीक इंग्रजीत बराच मजकूर आहे, आणि शब्दकोश जवळ असला तर वाचलेलं इंग्रजी मला कळतं. ‘संयत अभिनय, सूचक प्रकाशयोजना आणि इंग्रजी ग्रामजीवनाचं तरल दर्शन’ असं मी लिहिलं. (काय लिहावं ते सुचेनासं झालं की मी ‘तरल’ लिहितो.) दौलतराव खूश झाले. मंडळाच्या पोरांनी ते कात्रण फळ्यावर लावलं आणि चाळीतले लोक मला पोरांच्या इंग्रजी शाळेच्या प्रवेशाबद्दल सल्ला विचारू लागले. मी तो दिलाही. त्यातल्या एकाही पोराला प्रवेश मिळाला नाही, हा भाग वेगळा.

दुसऱ्या परीक्षणाला मात्र मालिका बघणं भाग होतं. मशीन होतं ते फक्त मंडळाकडे, तळमजल्याच्या खोलीत, आणि मंडळाची अट अशी की त्यांच्या मशीनवर जे लागेल ते सगळ्या चाळीला बघायला मिळालं पाहिजे. रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळे आले, पोरंटोरं पुढे, बायका भिंतीला टेकून, आणि मी टीव्हीशेजारी खुर्चीवर, हातात पेन घेऊन, समीक्षक म्हणून. मालिका सुरू झाली. ताई, ती माणसं तोंडात विडा धरल्यासारखी बोलतात गं. मी वाचलेल्या इंग्रजीशी त्या बोलण्याचं काही नातंच लागेना. एक माणूस आला, काहीतरी पुटपुटला, खिडकीतून बाहेर बघत राहिला. मग दुसरा आला, त्याने चहा आणला, तोही बाहेर बघत राहिला. कोणी आवाज चढवीना, कोणी रडेना. थोडा वेळ सगळ्यांनी कळ काढली आणि मग शेवंताकाकी म्हणाल्या, “काय बोलतत ता सांग मरे, तुळशी.”

मला कळत नाही, एवढे तीन शब्द बोललो असतो तर आज ही पाठ दुखली नसती. पण फळ्यावर कात्रण होतं आणि त्याखाली माझं नाव होतं. मी सांगायला लागलो. चहा आणणारा चहाच विचारत असणार, इथपर्यंत मी प्रामाणिक होतो. त्यानंतर माझा तोल गेला. काळ्या कपड्यांतली बाई विधवा, बंगला तिचा. टोपीवाला जाडा तिचा पुतण्या, त्याचा डोळा जमिनीवर. आणि चहा आणणारा नोकर म्हणजे युद्धात मेला असं कळवलेला तिचा नवरा, ओळख लपवून तिच्याच घरात राबणारा. कुत्र्याने त्याला पहिल्याच दिवशी ओळखलंय, पण तो बोलू शकत नाही. (कुत्र्याच्या मनातले विचारही मीच सांगत होतो. तो एका पायाने लंगडतो, त्यामुळे ते आपोआप करुण होत गेले.) कुत्रा नोकराच्या पायाशी जाऊन बसला तेव्हा शेवंताकाकींनी पदर डोळ्याला लावला. लाज वाटेल असं पुढचं सांगतो: घरी येऊन मी परीक्षण लिहिलं तेही याच कथेचं, कारण संध्याकाळपर्यंत माझा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसला होता.

आता आबांविषयी. तू त्यांना शेवटचं पाहिलंस तेव्हा ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, चार माणसांना पुरेल एवढं बोलायचे. संप झाला, गिरणी गेली, आणि तेव्हापासून ते गॅलरीत स्टुलावर बसून असतात. विचारलं तर उत्तर देतात, तेही कधीमधी. त्या रविवारी ते खोलीच्या दारात उभे होते हे मला ठाऊकच नव्हतं. रात्री जेवताना ताटाकडे बघतच म्हणाले, “तुझो पुतण्यो लय बोलता. दुष्टान कमी बोलूचा, मगे लोक भियतत.” हिच्या हातातला डाव तसाच राहिला. आबा आपण होऊन एखाद्या गोष्टीवर बोलले, हे आमच्या घरात किती दिवसांनी घडलं ते विचारू नकोस. तरुणपणी रजा काढून गावच्या जत्रेत ते दशावतारात राजा व्हायचे, तुला आठवत असेल. पुढच्या रविवारी ते आत येऊन बसले. स्टूल घरून घेऊन आले.

मी हवेत होतो. पण दुसरी कॅसेट झाली त्याच रात्री आबांनी पेटी हातात घेतली, कॅसेटींवरून बोट फिरवलं आणि शांतपणे सांगितलं की ही पेटी संपली की शिमग्याला ते गावी जाणार आणि मग तिथेच राहणार. इथे आपल्याला काम नाही आणि आमच्या खोलीत जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. गावच्या घराची मागची पडवी बसलीय, शेजारी कोणी उरलं नाही, स्वतःचं स्वतः रांधून खाणार, आणि वर ती साखर. ताई, मला ते जायला नको आहेत. कामावरून येताना खालूनच गॅलरीत आबा दिसतात, तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटतं. पण आपल्या घरात असलं कोणी कोणाला तोंडावर सांगत नाही. ‘जाऊ नका’ म्हणण्याऐवजी मी काय केलं, तर पुढच्या रविवारी तिसरी कॅसेट दाखवली, आणि त्याच्या पुढच्या रविवारी चौथी म्हणून पुन्हा तिसरीच लावली.

चित्रं तीच, बोलणं नवीन. पहिल्या वेळी ज्या पत्रात सावकाराची धमकी होती त्यात दुसऱ्या वेळी मुलीचं लग्न ठरलं. कोणी हूं की चूं केलं नाही. मग मी धीट झालो. चौथीही दोनदा लावली, तिसरी आणखी एकदा लावली. परीक्षणं आपोआप वाढत गेली आणि मी छापून टाकलं की ‘दिग्दर्शक त्याच दृश्यांतून नवा अर्थ काढतो, हे या मालिकेचं वैशिष्ट्य’. ते मात्र खरंच होतं म्हणायचं, फक्त दिग्दर्शक कोण ते मी लिहिलं नाही.

इतकं झाल्यावर कोणीतरी पकडणारच. दादरहून मृणालिनीबाई नावाच्या निवृत्त प्राध्यापिकेचं संपादकांना पत्र आलं. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, वर्षभर विलायतेत राहिलेल्या, आणि ही मालिका त्यांनी तिकडे पाहिलेली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विधवा ही विधवा नसून घराची व्यवस्था बघणारी बाई आहे, जाडा पुतण्या नसून पोलीस अधिकारी आहे, आणि कुत्र्याचा कथेशी संबंध नाही. दौलतरावांचं तोंड उतरलं. त्यांनी घाबरून बाईंना थेट आमच्या रविवारच्या खेळालाच बोलावलं. त्यांच्यासाठी टीव्ही नीट मध्यावर यावा म्हणून मी तो उचलला, आणि पाठीचं ते तसं झालं.

बाई आल्या, खुर्चीवर ताठ बसल्या, कोणीतरी चहा दिला. दिसतंय तेवढंच सांगायचं असं मी ठरवलं. आता तो जिना चढतोय. आता त्याने दार उघडलं. आता त्याने दार लावलं. लोक चुळबुळू लागले, एक पोर झोपलं. तेवढ्यात मागून स्टुलावरून आबांचा आवाज आला, “अरे बोल मां. बाई काय तुका खातली?” मग मी बोललो, ताई. पाठ धरून, पण मनापासून. नवऱ्याने त्या बाईला अजूनही का सांगितलं नाही, ते मी सांगितलं. सांगितलं तर ती राहा म्हणेल, आणि उपकार म्हणून राहायला त्याचं मन घेत नव्हतं. संपल्यावर मृणालिनीबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या की मूळ मालिकेत यातलं अक्षरही नाही. मी मान खाली घातली. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की मूळ मालिका त्यांनी स्वतः दुसऱ्या भागानंतर सोडून दिली होती, फार कंटाळवाणी वाटली म्हणून. आणि पुढच्या रविवारी नेमकं किती वाजता यायचं? आपलं पत्र छापू नका असंही त्या दौलतरावांना सांगून गेल्या.

तर आता अवस्था अशी आहे. पाचवी झाली. सहावी तेवढी शिल्लक आहे. शिमगा जवळ आला, आबांची ट्रंक खाटेखालून निघून दाराशी आलीय. इंग्रजी न कळणारा विलायती समीक्षक आणि बापाशी बोलता न येणारा मुलगा, अशा दोन्ही हुद्द्यांचा मला आता कंटाळा आलाय. म्हणून पुन्हा विनवतो, पेट्या पाठवू नकोस. सदर बंद करायचं मी दौलतरावांना कळवणार आहे. भावोजींना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला आराम पडो. पोरांना मराठी वाचता येत असेल तर हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नकोस.

तुझा
तुळशीदास

ता. क. सहाव्या कॅसेटीला बुरशी लागली असं चाळीत सांगून टाकावं, म्हणजे पेटी संपणारच नाही, असा विचार होता. म्हणून आत्ता ती काढून उजेडात धरली. इतकी स्वच्छ कॅसेट मी आयुष्यात पाहिली नाही. ही रोज पुसते, त्याचा परिणाम.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत असताना आबा आत आले आणि कोणाला लिहितोस म्हणून विचारलं. मी सांगितलं, गुणवंतीताईला. मग म्हणाले, “तिसरी तीनदा दाखवलंस तू. कुत्रो तीनय वेळा त्याच पायरेर अडखाळलो.” ते म्हणाले की कथा मी रचतोय हे सगळ्या चाळीला पहिल्याच रविवारी कळलं होतं. दशावतारात कथा ठरलेली असते, बोलणं ज्याचं त्याने आपल्या पदरचं करायचं, हे इथल्या माणसांना शिकवावं लागत नाही. राजा तोच आहे म्हणून कोणी जत्रेतून उठून जातं का? मी विचारलं, तिसऱ्या वेळी खेळ कसा झाला? म्हणाले, “बरो झालो.” आणि ट्रंक पायाने सरकवत सरकवत त्यांनी पुन्हा खाटेखाली घातली. ती तिथे लोकांच्या पायात येते, एवढंच कारण दिलं.

ता. क. तिसरा, आणि वर लिहिलेलं सगळं रद्द समज. तिकडे याहून मोठी पेटी मिळते का ते पाहा. दहा-बारा कॅसेटींची असली तर उत्तम. कंटाळवाणी असली तरी हरकत नाही. ही मागणी कोणाची, ते कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे, म्हणून कळवत नाही. फक्त त्यांनी एवढं लिही म्हणून सांगितलंय की त्यात कुत्रा हवा. धडधाकट असला तरी चालेल.