रत्नागिरीत अजून हाय की

अव्वा,

मी लग्न करतेय. पुढच्या महिन्यात. वय त्रेचाळीस, हे तुला वेगळं सांगायला नको. तू असतीस तर आधी "बरं झालं" म्हणाली असतीस, मग "कोण हाय?" असं विचारून उत्तर यायच्या आत चहाचं आधण ठेवलं असतंस. तर कोण आहेत ते सांगते. पन्हाळ्याच्या रस्त्याला त्यांचा गोठा आहे, अकरा म्हशी आहेत, बायको जाऊन सहा वर्षं झाली. जैन नाहीत. त्यांच्या घरात रविवारी तांबडा-पांढरा रस्सा शिजतो, आणि त्यावरून आपल्या नातेवाइकांनी नाकं मुरडायची तेवढी मुरडून झाली आहेत. मी अजून राजारामपुरीतल्या त्याच डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. तिथंच ते आले. भिंतीवरची शेवटची ओळ वाचा म्हटलं, तर म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे. म्हशीस्नी काय मला वाचून दाखवायचं न्हाय." मी हसले. इतक्या वर्षांत त्या अंधाऱ्या खोलीत मी पेशंटसमोर कधी हसले नव्हते. पुढचं तू समजून घे. ते तिसऱ्यांदा चष्मा सैल करून घ्यायला आले तेव्हा दवाखान्यातल्या सगळ्यांनाच समजलं होतं.

त्यांची मुलगी मेलबर्नला शिकते. तिला लग्नाला येता येत नाही म्हणून लग्न झाल्यावर आम्हीच तिच्याकडे जायचं ठरलं. तिथं तिची दोन खोल्यांची जागा, त्यात तिची मैत्रीण. तिनं फोनवर सरळ सांगितलं, "इकडं आलात की मी तुम्हाला सोडणार न्हाय. तुमचा हनिमून काय तो वाटेत उरका." हे ऐकून ते कानापर्यंत लाल झाले. पण तिकिटं बघताना वाट खरंच सापडली. मुंबईहून निघायचं, सकाळी क्वालालंपूरला उतरायचं, आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. मधे एक दिवस आणि एक संध्याकाळ, एवढाच आमचा हनिमून. म्हशी शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून जायच्या असल्यामुळे याहून एक दिवसही जास्त ते काढायला तयार नाहीत.

गेले तीन आठवडे दूध घालून झालं की ते इकडं येतात आणि आम्ही तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या खिडकीखाली, एक वही घेऊन त्या एका दिवसाची आखणी करतो. एका दिवसाची आखणी ती किती करायची? पण मला ती संपूच नये असं वाटतं. जायच्या आधीच मी त्या गावात हिंडून आले आहे. पुलावरून जाणारी एका रुळावरची गाडी, उंच इमारतींच्या मधेच एखादं जुनं बुटकं देऊळ, केळीच्या पानावर वाढणारी तमिळ माणसांची खानावळ, दुपारी चार वाजता येऊन रस्ते धुऊन जाणारा पाऊस. हे सगळं मी फोनवर बघते, आणि डोळे मिटले की त्यात चालायला लागते. कधी कधी तूही असतेस. नऊवारी नेसून, पायात तुझ्या त्या रबरी चपला, हातात पिशवी. प्रत्येक दुकानापाशी थांबून भाजीचा भाव विचारतेस, मराठीत, आणि गंमत म्हणजे तिथली माणसं तुला बरोबर उत्तर देतात. मी पुढं जाऊन वळून बघते तर तू कुठल्या तरी बाईशी बोलत उभी. मी हाक मारते. तू हातानंच "चल, आले" म्हणतेस. एवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि मी परत आपल्या स्वयंपाकघरात असते.

परवा त्यांनी मला एक व्हिडिओ दाखवला. तिथं रस्त्याकडेच्या टपरीवर चहावाला दोन मगांमधून चहा वर-खाली करतो. हातभर उंचीवरून ओततो, धार तुटत नाही, वर फेस येतो. आपल्याकडं दूध गार करायला तू अशीच दोन भांडी घ्यायचीस, फक्त तुझं अंतर वीतभर. ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. "ह्यो चहा प्यायचाच," म्हणाले, आणि मग लगेच माझ्याकडं बघून, "पण ह्या टपऱ्या दिवस मावळल्यावर लागत्यात. ऱ्हाऊ दे." वहीत त्यांनी माझ्यासाठी आधीच लिहून ठेवलं आहे: साडेसहाला जेवण. तिथं बारा महिने सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, हेही त्यांनीच शोधून काढलं. रविवारी रस्सा ओरपणारा हा माणूस माझ्या जेवणाची वेळ चुकू नये म्हणून परक्या देशातल्या सूर्याचा हिशेब करतो. मला भरून येतं, आणि त्याच वेळी लाजही वाटते. का, ते पुढं सांगते.

तुझी खिडकी अजून तशीच आहे. पलीकडच्या घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही. टाकीमागं सूर्य गेला की तुझं स्वयंपाकघर बंद. क्लासच्या मुलींना तू घरून करून द्यायचीस ते आठ डबे पाचच्या आत गेलेले असायचे, आपली ताटं सहाला, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. घड्याळ बंद पडलं तर तुला चार दिवस समजायचं नाही, पण टाकी कुणी रंगवली तरी तू बेचैन व्हायचीस. हा नेम अण्णांनी सांगितला म्हणून आपल्या घरात आला, पण सांभाळला तू.

मी पाचवीत आहे. शाळेची सहल पन्हाळ्याला गेली आहे आणि माझा डबा तटावरून खाली पडला आहे. घाबरून मी बाईंना सांगितलेलं नाही. बस वाटेत बंद पडते. मी दारात येते तेव्हा टाकीमागं फक्त लाली उरली आहे. पोटात आग पडली आहे आणि मला माहीत आहे की आता सकाळपर्यंत काही मिळणार नाही, म्हणून मी दारातच रडायला लागते. अण्णा बाहेरच्या खोलीत पोथी वाचत बसले आहेत. तू मला हाताला धरून आत नेतेस, दार लोटतेस, भाकरी कुस्करून त्यावर गूळ आणि तूप घालतेस. मी म्हणते, "अव्वा, सूर्य मावळला." तू खिडकीतून बघितल्यासारखं करतेस आणि हळू आवाजात म्हणतेस, "हितं मावळला. रत्नागिरीत अजून हाय की. खा गप."

मी खाल्लं. तिकडं समुद्रावर सूर्य खरंच चार मिनिटं उशिरा मावळतो, हे भूगोल शिकल्यावर समजलं, पण तोवर ती चार मिनिटंही कधीच संपली होती. तुला भूगोल येत नव्हता, तुला माझी भूक समजत होती. दुसऱ्या दिवशी तू एकदाच जेवलीस. अण्णांनी विचारलं तर म्हणालीस, "पोट जड हाय." बस्तीत मूर्तीपुढं जाऊन तू काय कबूल केलंस ते देव जाणे. माझ्यावर मात्र ओझं ठेवलं नाहीस.

तुझा ओरडा मी एकदाच खाल्ला, पण तो अजून कानात आहे. मी नोकरीला लागले होते. मैत्रिणींबरोबर सातनंतर मिसळ खाल्ली आणि घरी येताना कोपऱ्यावरच्या नळावर तोंड धुऊन, पुसून आले. तू दारातच ओळखलंस. "खाल्लंस?" म्हणालीस. मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, "खाल्लंस ते खाल्लंस. भूक लागली असंल. पर त्वांड पुसून का आलीस?" त्या दिवसापासून मी नेम सोडला. तुला तोंडावर सांगून सोडला, आणि तू मान हलवलीस. मी रात्री आठला जेवायची, तू पलीकडं बसून वाती वळायचीस. भांडण नाही की टोमणा नाही.

आता सगळे म्हणतात, आई गेल्यावर पोरगी धर्माला लागली. नऊ वर्षं मी दिवस मावळल्यावर काही खाल्लेलं नाही. त्यांनाही तसंच वाटतं. मी तसं वाटू दिलं.

काल ते खिडकीखाली बसले होते. पावणेपाच वाजले होते, ऊन टाकीच्या बरंच वर होतं, ओट्यावर पसरलं होतं. ते वहीत तिथल्या आणि इथल्या वेळा मांडत होते, म्हशींची धार कितीला ते शेजाऱ्याला फोनवर सांगायचं म्हणून. अडीच तासांचा फरक. मधेच थांबले आणि म्हणाले, "हे बघा की. तिथं दिवस मावळंल तवा हितं पावणेपाच. म्हंजे तुमच्या अव्वांच्या खिडकीत ह्येवढं ऊन असंल." आणि ओट्यावरच्या उन्हावर त्यांनी तळहात ठेवला. मग हसून म्हणाले, "मी आपलं म्हनलं. तुमचा नेम मोडाय सांगत न्हाय."

अव्वा, त्यांना रत्नागिरीचं काही माहीत नाही. मी कधीच कुणाला सांगितलं नाही. मी उठून भांडी घासायला लागले, घासलेलीच.

तुझं दुखणं समजलं त्या आठवड्यात तू मला बसवून सांगितलंस, "पुढं माझं डोकं ठिकाणावर ऱ्हायलं न्हाय आन् मी अवेळी काय मागितलं, तर देऊ नगंस. नेम माझा तू सांभाळ." मी शब्द दिला. दवाखान्यातली ती शेवटची संध्याकाळ. मी घरून थर्मासमध्ये चहा आणला होता, चारला तुला द्यायचा म्हणून, पण तुझा डोळा लागला होता, उठवलं नाही. तू जागी झालीस तेव्हा बाहेर दिवे लागले होते. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "अर्धा कप चहा दे." मी म्हटलं, "अव्वा, सूर्य मावळला." तू हसलीस. तेवढ्या आजारपणात, ओठ सुकलेले, तू खरंच हसलीस आणि म्हणालीस, "रत्नागिरीत अजून हाय की."

मला आठवलं. लगेच आठवलं. ज्या माणसाला हे आठवतं त्याचं डोकं शंभर टक्के ठिकाणावर असतं, हे मला त्या क्षणी समजलं होतं. तरी मी म्हटलं, "सकाळी देते." दिलेला शब्द मला मोठा वाटला. की मला चांगली मुलगी व्हायचं होतं, एकदा तरी? तुला पाणी दिलं, तू दोन घोट घेतलेस. "बरं," म्हणालीस आणि भिंतीकडं वळलीस. तू माझ्यासाठी नेम वाकवलास आणि त्याची शिक्षा स्वतः भोगलीस. माझ्याकडून अर्धा कप झाला नाही. नऊ वर्षं मी जे पाळतेय तो धर्म नाही, अव्वा. ती संध्याकाळ आहे, रोज.

त्यांना हे सांगायचं आहे. इथं तुझ्या ओट्यापाशी जीभ उचलत नाही. तिथं, त्या चहाच्या टपरीवर सांगेन. वहीतलं साडेसहाचं जेवण मी सकाळी खोडलं आणि खाली लिहिलं: साडेसातला चहा, दोघांना. ते बघतील तेव्हा विचारतील. मी सांगेन, कोल्हापुरात अजून ऊन आहे.

हे पत्र त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. पानं फाडून तुझ्या पिठाच्या डब्याखाली ठेवीन, तिथं कुणी हात घालत नाही. पण एक राहिलं. ते त्यांनाही सांगायला जमेल असं वाटत नाही, म्हणून तुलाच सांगते. तू भिंतीकडं वळून झोपलीस, त्यानंतर थर्मासमधला तो चहा मी प्यायले. थकले होते, आणि तो अजून गरम होता. मग तू जागी होशील आणि बघशील म्हणून घाईघाईनं ओढणीनं तोंड पुसलं.

तू जागी झाली नाहीस.