निवेदक वगळून

३ जून
ती. मामा-मामींस, भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुमच्या त्या घड्याळजीच्या नाटकाला मी हात घातलाय. कथा तीच जुनी: घड्याळजी बायकोला न सांगता घर सोडतो, म्हातारा होऊन परततो, ती दार उघडते. मामी, बायकोचं काम पुन्हा तूच करायचंस; दुसरी कुणी डोळ्यांसमोर येतच नाही. मामा, रागावू नका, पण या खेपेला निवेदक नाही. कुणाच्या मनात काय चाललंय ते कोपऱ्यात उभं राहून कुणी सांगणार नाही. प्रेक्षकांनी ओळखायचं. तुम्हाला पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवते.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.
भिंगरी

९ जून
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

निवेदक काढलास म्हणजे नाटकाचा कणाच काढलास. दार उघडल्यावर बायको एक शब्दही बोलत नाही. तेव्हा मी पुढे येऊन सांगायचो, की तिने त्याला केव्हाच क्षमा केली आहे. मगच लोक डोळे पुसायचे. मी नसलो तर त्यांना कळणार कसं?

तुझी मामी काम करणार नाही. मला वगळल्याचं तिला माझ्यापेक्षा जास्त लागलंय. ती बोलत नाही, पण मला कळतं. खुर्ची नको.

राग नाही, प्रेम तसूभरही कमी नाही.
मामा

११ जून
चि. भिंगरीस गोड आशीर्वाद.

मी नकार दिल्याचं मला यांचं पत्र पेटीत पडल्यावर समजलं! मी काम करणार आहे.

अगं, नाटक बंद पडलं तरी यांचं निवेदन चालूच आहे. माझ्या कपाळावर ढीगभर आठ्या असल्या, तरी हे पाहुण्यांना सांगतात की हिला मुळीच राग आलेला नाही. मी गप्प बसले की लोकांना वाटतं, किती समजूतदार बाई. आणि ती क्षमा! इतकी वर्षं मी त्या दारात उभी राहिले, पण घड्याळजीच्या बायकोला काय वाटतं याचा अंदाज घेईपर्यंत यांचा आवाज घुमायचा आणि पडदा पडायचा. एकदा तरी ते दार मला माझ्या मनाने उघडू दे. हे फुगून बसतील, बसू देत.

अशीच हट्टी राहा आणि माया ठेव.
मामी

२० ऑगस्ट
चि. भिंगरीस पोटभर आशीर्वाद.

काल प्रयोग संपल्यावर तू सामानाच्या मागे धावत होतीस, म्हणून लिहिते. हे खुर्ची नको म्हणाले होते ना? इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. मी दार उघडलं आणि सवयीने यांच्या आवाजाची वाट पाहिली. कुणीच काही बोललं नाही. फार भीती वाटली गं. मग मी त्या माणसाकडे नीट बघितलं, बाजूला झाले, त्याला आत येऊ दिलं. दार मात्र लावलं नाही. असं करायचं मी ठरवलं नव्हतं.

घरी चपला काढता काढता यांनी विचारलं, तिने त्याला क्षमा केली का. मी म्हटलं, ते तर तुम्हीच सांगत आलात. तर म्हणाले, की मला माहीत नाही. एवढ्या संसारात हे वाक्य मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. इतकं बरं वाटलं, की स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आज सकाळपासून दोनदा विचारून झालंय. उत्तर मला ठाऊक आहे, पण विचारू देत अजून थोडे दिवस.

तुझ्यावर जीव आहेच.
मामी