कॅमेऱ्यात सापडलेली स्कूटी

रुआबांधा, भिलाई
४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस गुलाबचा शि. सा. न.

तुले फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिलो. डोकं पार फिरलं आहे. घरातल्या जुन्या स्कूटीवर विनाहेल्मेटचं चालान आलं. एकोणीस जानेवारी, रविवार, कॅंप-१चा चौक. त्या दिवशी मी मोटरसायकलनं प्लांटले गेलेलो, फर्स्ट शिफ्टले. स्कूटी अंगणात. मोबाइलवरच्या एवढ्याशा फोटोत तोंडाले ओढणी बांधलेली कोणी बाई दिसते. कोणीतरी आपला नंबर लावून फिरून राहिलं, दुसरं काय?

ऑनलाइन तक्रार केली, नामंजूर. कारण काय, तर नंबर स्पष्ट आहे. ट्रॅफिक ऑफिसातला बाबू म्हणे, भरून टाका नाहीतर कोर्टाची तारीख घ्या. तारीख घेतली तर शिफ्ट आडवी आली, मग पुढची मागायले पुन्हा अर्ज. दोन सुट्ट्या यातच गेल्या. कांताले, तुझ्या भावजयीले, सांगायले गेलो की ती उठून स्वयंपाकघरात जाते. अठ्ठावीस वर्षं क्रेन चालवली, एक मेमो नाही. न केलेली चूक मी कबूल कावून करू?

तुझ्या मायेवरच तग धरून आहे.
तुझा गुलाब

भंडारा
११ फेब्रुवारी २०२५

चि. गुलाबास वसुंधराचे अ. आ.

पत्र वाचून तुझे भाऊजी हसले. म्हणे, हा गडी चालानासाठी हायकोर्टात जाईल. मले हसू आलं नाही. बाबा, भरून मोकळा हो. फोटो मोठा करून मागशील, साक्षीदार उभे करशील, आणि हाती काय लागेल? कांतावर आवाज चढवला असशील तर उतरव. तिच्या जिवाले आधीच कमी घोर नाही.

रागात जेवण सोडू नको. बहिणीचं एवढं ऐक.
तुझी ताई

रुआबांधा
२ मार्च २०२५

ती. ताईस शि. सा. न.

तुझं ऐकलं नाही. शुक्रवारी कोर्टात बाबूनं फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडला. ओढणी मीच दिवाळीले कांताले आणलेली. चूक मान्य म्हटलं, सही केली, बाहेर आलो.

घरी कांतानं सगळं सांगतलं. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ज्या पोरीचं नाव दोन वर्षं मी घरात काढू देलं नाही, त्या हर्षाले सातवा महिना आहे. मी रविवारी शिफ्टले गेलो की ही डबा घेऊन तिच्याकडे जाते. गाडी शेजारच्या मोनाकडून शिकली. मले विचारलं कावून नाही, तर म्हणे, तुम्ही नाहीच म्हटलं असतं. ते खरं आहे, म्हणूनच जास्त चीड येते. तुलेही माहीत होतं ना, ताई? कॅमेऱ्यालेही माहीत होतं. एक मीच राहिलो.

लायसन निघेपर्यंत स्कूटीले हात लावायचा नाही, असं तिले बजावलं. आज मले दुपारची शिफ्ट. सकाळी ती डबा भरून दारात उभी राहिली. मी मोटरसायकल काढली. हर्षाच्या गल्लीच्या तोंडाशी तिले उतरवलं आणि पाऊण तास उन्हात उभा राहिलो. परत आल्यावर कांता म्हणे, हर्षानं विचारलं, बाबा इथवर आले तर घरात कावून नाही आले.

पुढच्या रविवारी माझी सुट्टी आहे.

रागावलो असलो तरी तुझाच,
गुलाब